हेलातला थांबा

पुणे
२ सप्टेंबर १९९६

नलूताई,

मामेभावाचं अक्षर ओळखलंस की पाकीट आधी भाऊजींच्या हातात दिलंस? घाबरू नकोस, उसनं काही मागत नाही.

आर्वी सोडून इकडे आलो त्याला बरीच वर्षं झाली, पण कॅसेट कंपनीत मी अजून 'तो वऱ्हाडातला पेटीवाला' एवढाच आहे. दुसऱ्यांच्या चालींना साथ करायची आणि कव्हरवर त्यांचे फोटो बघायचे. आता साहेबांनी पहिल्यांदाच विचारलं, तुमच्याकडचं काही असेल तर आणा, एक कॅसेट तुमच्या नावाने काढू. जमलं तर जमलं, नाहीतर जन्मभर भाता हलवत बसायचं. तेव्हा ताई, लाज राख.

सोबत टेपरेकॉर्डर पाठवला आहे. भुलाबाईच्या गाण्यांचे दिवस येतायत. तुमच्या दुकानामागच्या अंगणात डाळ निवडायला ज्या बाया येतात त्यांना गायला लाव आणि भरून पाठव. ती गंगा अजून येते ना? तुझ्या लग्नात तिने हळदीची गाणी म्हटली होती, तो आवाज माझ्या कानातून गेलेला नाही.

अट एकच. एकदा बटण दाबलं की टेप बंद करायचा नाही. कुणी शिंको, गिऱ्हाईक ओरडो, बायकांची जुंपो, चालू म्हणजे चालू. ठरवून गायलेलं जगात पडीक आहे. खरी चाल सापडते ती चुकून, माणसाचं लक्ष दुसरीकडे असताना. परवा स्टुडिओत तबलजीच्या हातून हातोडी पडली आणि त्या आवाजावरून मला अख्खा मुखडा सुचला. सगळे हातोडी शोधत होते आणि मी कागद.

भाऊजींना नमस्कार. टेप तेलाच्या डब्याशेजारी ठेवू नकोस.

तुझा
कुंदन


तळेगाव (श्यामजी पंत)
२८ ऑक्टोबर १९९६

कुंद्या,

तुझा टेप तेलापासून लांब ठेवला होता. आत तुरीचा भुसा गेला असेल तर ते तुझं नशीब. तीन कॅसेट पाठवते आहे. भुलाबाईची गाणी पहिल्या दोनमध्ये आहेत. तिसरीत मात्र वेगळीच गंमत भरली गेली आहे आणि तुझी अट होती म्हणून मी ती पुसली नाही.

गंगाला तू ओळखतोस. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, एकुलता एक मुलगा धीरज. त्याचं शाळेत लक्ष नाही, आईशी रोज खडाजंगी. त्या दिवशी दुपारी बाया सूप घेऊन बसल्या होत्या, टेप चालू होता, गंगा गात होती. तेवढ्यात आमचा हमाल चिंधू मागच्या दाराने धावत आला आणि ओरडला, "गंगाबाई, धीरज गेला वं!"

झालं. गंगाने सूप टाकलं, कपाळ बडवलं आणि हेल काढला. आपल्याकडे बाया मेलेल्या माणसाला हाका मारत, त्याच्याशी बोलत सुरात रडतात, तसा. "माह्या सोन्या रे, माह्या वाघा रे, मायले टाकून काऊन गे..." एवढं म्हणते आहे तोच चिंधू दोन्ही हात हलवत ओरडला, "अवं मेला नाई, गेला! नागपूरच्या ट्रकवर क्लीनर म्हणून गेला! मले सांगून गेला ना!"

गंगाचं तोंड तसंच उघडं राहिलं. 'गे' बाहेर आलेला, 'ला' आत. मग तिने एक आवंढा गिळला, आणि उरलेला 'ला' असा काही आपटला की तो चिंधूला शिवी होता की देवाला नमस्कार, मला सांगता येत नाही. बाया हसून हसून डाळीत लोळल्या. मीही हसले. गंगासुद्धा पदर तोंडात धरून हसली आणि चिंधूला म्हणाली, "बह्याडा, नीट सांगता येत नाई का? माह्या जित्या पोराच्या नावानं मले रडवलं ना!"

जिवंत माणसासाठी हेल काढणं बरं नाही म्हणतात. संध्याकाळी मारुतीला तेल घालून आली.

नलू


पुणे
१४ नोव्हेंबर १९९६

नलूताई, नलूताई, नलूताई,

तुला साष्टांग नमस्कार, चिंधूला दोन. भुलाबाईची गाणी बाजूला ठेवली आहेत. तिसरी कॅसेट मी इतकी फिरवली की शेजाऱ्याने दार ठोठावून विचारलं, तुमच्याकडे कोणी वारलं का?

तो थांबा! अगं, मोठमोठे गवई समेच्या आधी श्वास रोखतात, पण त्यांना माहीत असतं पुढे काय आहे ते. गंगाला माहीत नव्हतं. 'गे' म्हणताना तिचा मुलगा मेलेला आहे आणि 'ला' म्हणताना जिवंत. असा थांबा माझ्या बापजन्मात मला सुचला नसता. मी त्याच्यावर ढोलकी चढवली आहे. "राजा माझा गे... ला!" थांब्यात सगळी वाद्यं गप्प, आणि 'ला'वर सगळी एकदम. साहेब खुर्चीतून उठून नाचले, खोटं वाटेल तुला.

रडण्याचे शब्द काढून टाकले. आता ते रुसून गेलेल्या नवऱ्याचं गाणं आहे. थांब्याला मात्र मी हात लावलेला नाही. आवाज इथल्या एका मुलीचा. गंगाला एक साडी पाठवतो, रंग तू सुचव.

कुंदन


तळेगाव
१९ मे १९९७

कुंदन,

तुझं नाव झालं, आनंद आहे. मामा आर्वीत कॅसेट खिशात घेऊन फिरतात. यंदा या भागात तुझ्या गाण्याशिवाय एक वरात निघाली नाही. 'गे' आला की नाचणारे सगळे हात वर करून जागच्या जागी उभे राहतात, नवरदेवाचा घोडासुद्धा थांबवतात, आणि 'ला' आला की उड्या. तीन-चार वर्षांची पोरंसुद्धा शिकली आहेत. मोठं माणूस 'गे' म्हणतं, पोर 'ला' म्हणून टाळी पिटतं.

आता दुसरी बाजू ऐक. गंगाने गाणं पहिल्यांदा ऐकलं ते पाटलांकडच्या लग्नात, पुरणपोळ्या लाटताना. लाटणं हातात धरून मला म्हणाली, "वयनी, हे तं माह्यं रडनं होय." मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "मंग नाचून काऊन राह्यले?" तोवर पोट्ट्यांना कळलंच होतं. तिला ओढून वरातीत नेली आणि "गंगाबाई, गे म्हणा, गे म्हणा" करत तिच्याभोवती नाचले.

आणि धीरज. तो फेब्रुवारीत एकदा घरी आला होता. फाट्यावर उतरला तर पोरं ओरडली, "आला रे मयत!" एकाने झेंडूचा हार आणून गळ्यात घातला, दुसऱ्याने प्रेताला करतात तसा पायांना हात लावून नमस्कार केला. तो संध्याकाळीच परत गेला. जाताना आईला म्हणाला, "माये, हे गाणं वाजते तवर म्या गावात पाय ठेवत नाई."

त्याचा ट्रक नागपूर-अमरावती रस्त्याने धावतो, म्हणजे आमच्या फाट्यावरूनच. तो उतरत नाही. ड्रायव्हर फाट्यावर हॉर्न तेवढा देतो, दोन आखूड आणि एक लांब. गंगाचं घर रस्त्यापासून किती लांब आहे तुला ठाऊक आहे. ती पोचेपर्यंत धूळ. तरी हॉर्न झाला की हातातलं टाकून बाहेर येते, आणि मग म्हणते, "हाय बाप्पा, जिता हाय."

तिला पोरगा घरी आलेला हवा आहे, दुसरं काही नको. कंपनीला सांगून ते गाणं बंद करवता येत असेल तर कर. ते होत नसेल तर तू स्वतः ये, गाणं बनवणारा म्हणून पोरांना चार शब्द सांग आणि धीरजला भेटून समजूत काढ. तुझं ते ऐकतील. साडी तिने पेटीत ठेवून दिली आहे, नेसलेली नाही.

नलू


पुणे
११ जून १९९७

ताई,

बाजारात गेलेलं गाणं परत बोलावता येत नाही, ते काय मांडवातलं वाढप आहे, पुरे म्हटलं की थांबवायचं? आणि बंद कशाला करायचं? बाया जन्मभर रडतात, शेजारीसुद्धा खिडकी लावून घेतात. गंगाचं रडणं धुळ्यापासून सोलापूरपर्यंत वाजतंय. धीरजला म्हणावं, लोक मेल्यावर प्रसिद्ध होतात, तू तर जिवंतपणीच झालास. थोडं हसायला शिक म्हणावं.

इथे माझी पंचाईत वेगळीच. साहेबांना दुसरं गाणं हवं आहे, तसंच, थांब्याचं. मी रोज पेटी घेऊन बसतो आणि जे निघतं ते शिळ्या भातासारखं. ठरवून थांबलो की लगेच कळतं, हा ठरवून थांबला आहे. दिवाळीपर्यंत काही दिलं नाही तर पुन्हा पेटीवाला.

भाऊबीजेला येतो. तेव्हा पोरांशी बोलेन, धीरजचंही बघू. गंगाला कामावर येत राहू दे. आणि तो हॉर्न, दोन आखूड एक लांब, ही लय वाईट नाही.

कुंदन


तळेगाव
९ नोव्हेंबर १९९७

कुंदन,

तू गाडीत बसलास तेव्हा मी हात हलवला, तो घरात पाहुणे होते म्हणून.

पोरांशी तू बोललास? हो, त्यांच्याबरोबर फोटो काढलेस. धीरजचं नाव तुझ्या तोंडून निघालं ते एकदाच, आणि तेही चिंधूच्या कानात. तांदळाच्या पोत्यामागे टेप लावून ठेवलास, मला सांगितलंस भुलाबाईची राहिलेली गाणी घेतो आहे. आणि चिंधूला धावत पाठवलंस. "गंगाबाई, धीरज आला वं! फाट्यावर उभा हाय!"

मी स्वयंपाकघरातून पाहिलं. हातातलं सूप तिने टाकलं नाही, नीट भिंतीला टेकवलं, तेवढी तिची शिस्त. पदराने तोंड पुसलं, केसांवरून हात फिरवला आणि पळाली, चप्पलसुद्धा न घालता. मला वाटलं खरंच आला. मी पोरासाठी चहा टाकला. दिवेलागणीपर्यंत ती फाट्यावर उभी होती. परत आली तेव्हा तू माईक पुढे करून विचारलंस, "गंगाबाई, आता काय वाटते?"

ती माईककडे बघत राहिली. मग तू हसत हसत सांगितलंस की मुद्दाम केलं, नव्या गाण्यासाठी, रागावू नका. आणि सगळं ऐकून घेतल्यावर तिने तुला विचारलं, "म्हंजे आला नाई का मंग?"

तुला मी भाऊबीजेला ओवाळलं होतं. ते हात मला धुवावेसे वाटतात.

नलिनी


पुणे
३ डिसेंबर १९९७

ताई,

एवढं काय झालं? ना कुणाचा हात मोडला, ना कुणी मेलं. आईला मुलगा आल्याचा घटकाभर आनंद झाला, तोही फुकट. नाटकात आपण तिकीट काढून हेच बघतो.

खरं सांगू? कॅसेट मी चार वेळा ऐकली. काही नाही तिच्यात. पळण्याचा आवाज, धाप, आणि नंतर नुसती घरघर. गेल्या वर्षीची गंगा आता राहिली नाही. आता ती टेप कुठे आहे ते बघते. एकदा माणसाला कळलं की आपलं ऐकतायत, की संपलं. दोष माझा, मी फार लवकर सांगून टाकलं.

टेप तुझ्याकडेच ठेवून आलो आहे, मुद्दामच. काही आपसूक घडलं तर बटण दाब. तुझा राग उतरला की लिही, तो फार दिवस टिकत नाही हे मला लहानपणापासून माहीत आहे.

कुंदन


तळेगाव
२० फेब्रुवारी १९९८

कुंदन,

लिहिणार नव्हते. पण हे तुझ्या वाट्याचं आहे, ते तुझ्यापर्यंत पोचलं पाहिजे.

मंगळवारी दुपारी गंगा अंगणात हरभरा पाखडत होती, मीही बसले होते. चिंधू धावत आला. "गंगाबाई, धीरज आला वं! फाट्यावर उभा हाय, तुले बलावते!"

गंगाने मान वर केली नाही. सूप तसंच चालू. म्हणाली, "जा रे चिंध्या, सांग तुह्या सायबाले, आज गंगा पळत नाई."

चिंधू रडकुंडीला आला. "आईची आण, गंगाबाई. खरंच आला. तुह्यासाठी शाल आणली त्यानं. गावात येत नाई म्हणते, फाट्यावरच भेट म्हणते."

गंगा उठली ती तांदळाच्या पोत्यांकडे गेली आणि एकेक पोतं सरकवून मागे पाहू लागली. टेप शोधत होती. मीसुद्धा चिंधूवरच खेकसले की लाज नाही का तुला, पुन्हा तेच. चिंधू पाय आपटत परत गेला. थोड्या वेळाने पुन्हा आला, दाराशी उभा राहून म्हणाला, "ड्रायव्हर थांबत नाई म्हणते. त्यानं इचारलं, माय नाई आली का? राग धरला असंन. मंग येईन म्हने." गंगा पोतीच सरकवत होती.

तेवढ्यात फाट्याकडून हॉर्न आला. दोन आखूड, एक लांब.

तिने पोतं सोडलं. मी आजवर कोणत्या बाईला असं धावताना पाहिलेलं नाही. मी मागून गेले. फाट्यावर पानठेल्यापाशी कागदात गुंडाळलेली शाल ठेवलेली होती आणि ट्रक पुलापलीकडे गेला होता. पानठेलेवाला म्हणाला, "बराच वेळ होता पोट्टा. सारखा गल्लीकडे पाहून राह्यला होता."

गंगा शाल अंगावर घेत नाही. म्हणते, येऊन तो स्वतः घालून देईल. आता रोज सकाळी काम सोडून फाट्यावर बसते. कोणी काही सांगितलं तर ऐकत नाही, हॉर्नच तेवढा खरा मानते.

नलिनी


पुणे
२ मार्च १९९८

ताई,

पत्र वाचलं. मग पेटी ओढली. पोती सरकवण्याचा आवाज, मध्येच हॉर्न, आणि मग पावलं. तू बटण दाबलं नसशील हे माहीत आहे, आणि तेच मनाला लागून राहिलं आहे.

धीरजचं मनावर घेऊ नकोस. आज चुकला, उद्या भेटेल. रस्ता तोच, ट्रक तोच. तो येईल त्या दिवशी टेप जवळ ठेव, आई आणि मुलगा भेटतील तेव्हाचा आवाज मला हवा आहे. या वेळी कुणी काही खोटं सांगायचं नाही, मी शब्द देतो. साहेबांनी एप्रिलअखेरपर्यंत थांबायचं कबूल केलं आहे.

कुंदन


तळेगाव
२९ मार्च १९९८

कुंदन,

टेप चालू नव्हता. हे आधी लिहिते, म्हणजे उरलेलं पत्र तू शांतपणे वाचशील.

धीरज गेला. नीट सांगते, आमच्याकडे या शब्दाचा घोळ होतो. मेला. कारंज्याच्या पुढे उतारावर ट्रक उलटला, ड्रायव्हर वाचला, हा खाली सापडला.

निरोप चिंधूकडेच आला. तो गंगाकडे जायला तयार होईना. दुकानाच्या पायरीवर बसून माझे पाय धरले, "वयनी, माह्या तोंडानं नाई. माह्यं ती खरं मानत नाई, आन खरं मानलं तं म्या काय करू?" म्हणून मी गेले. मी सांगितलं. गंगाने माझ्या हातांकडे पाहिलं, पदराखाली पाहिलं. मग मला म्हणाली, "वयनी, तुमीबी?" आणि फाट्यावर जाऊन बसली.

प्रेत आणलं तेव्हा तिला तिथूनच उचलून आणावी लागली. अंगणात गावभरच्या बाया जमल्या होत्या. डाळ निवडणाऱ्या कमलाबाईने तिचा हात धरून मुलाच्या तोंडावरून फिरवला. तेव्हा तिला पटलं. कुंदन, मला वाटलं आता ही एकदाची रडेल, मोकळी होईल. मी देवाकडे तेवढंच मागत होते.

तिने हेल काढला. "माह्या सोन्या रे, माह्या वाघा रे, मायले टाकून काऊन गे..."

आणि थांबली. तिथेच. तोंड उघडं, हात वर. मान वळवून तिने चिंधूकडे पाहिलं. तो दाराच्या चौकटीला धरून उभा होता. ती वाट पाहत होती. अंगणातल्या प्रत्येक बाईला कळलं ती कशाची वाट पाहते आहे. चिंधूने ओठ हलवले आणि खाली मान घातली. ती पाहतच राहिली.

एवढी शांतता होती, आणि त्या शांततेत शेजारच्या तानबाची नात, आईच्या कडेवर बसलेली, अजून नीट बोलतासुद्धा येत नाही तिला, तिने वर्षभर प्रत्येक लग्नात केलं तेच केलं. "ला!" म्हणाली आणि टाळी पिटली.

आईने तिच्या तोंडात मारली. मागे उभ्या पोरांपैकी कोणीतरी फिस्सकन हसलं, मग तोंडावर हात घेतला. गंगाने सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि तोंड मिटलं. मी तिला गदागदा हलवलं, म्हटलं, रड गं बाई, ओरड, मला शिव्या दे. तिने माझ्या तोंडावर हात ठेवला, मला गप्प केलं. बाकीच्या बायांपैकी कोणीही हेल काढला नाही. त्याला सूर न लावता नेला, कोंबडीचं पिल्लू उचलून टाकावं तसा.

तुझा टेप या पत्रासोबत चिंधूला पोस्टात धाडून पार्सलने पाठवते आहे. तू मला सांगायचास, चाल चुकून सापडते. तुझी सापडली. पुढच्या कॅसेटसाठी दुसरं घर बघ, आणि भाऊबीजेला येऊ नकोस.

गंगा आता फाट्यावर बसत नाही, आजही सकाळी डाळ निवडायला आली होती. बाकीच्या बायांनी तिच्यासमोर बोलणं कमी केलं आहे, कारण कोणतंही वाक्य 'गेला' शब्दापाशी येतंच. कोणी चुकून 'गे' म्हणालं की ती सूप थांबवते आणि दाराकडे पाहते. आम्ही सगळ्या मग कामं टाकून बसून राहतो.

तिने अजून 'ला' म्हटलेला नाही.

नलिनी